एका अंशाची चूक, पाच मीटरचा फरक

300 मीटर लांबीची रेघ 1 अंशाने चुकली, तर दुसऱ्या टोकाला फरक पडतो 5.2 मीटरचा. भूमिगत कोळसा खाणीतलं यंत्र स्वयंचलित करताना आधी हेच गणित सोडवावं लागतं.

लाँगवॉल पद्धतीत शिअरर हे यंत्र कोळशाच्या भिंतीलगत धावत दर फेरीला सुमारे 1 मीटर कोळसा कापतं. मागे हायड्रॉलिक सपोर्टची रांग छत पेलते. एक सपोर्ट 2 मीटर रुंद धरला, तर 300 मीटरच्या भिंतीला 150 सपोर्ट झाले. ही रांग वाकडी झाली की कोळसा वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरवर ताण येतो आणि छत सांभाळणं अवघड होतं. पूर्वी कामगार धुळीत उभे राहून दोरी ताणून रांग तपासत. आसपास मिथेन असे. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की स्फोटाला ठिणगी पुरते.

जमिनीखाली जीपीएस पोचत नाही आणि लोखंडाच्या गराड्यात होकायंत्राचा भरवसा नसतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय विज्ञान संस्थेने 2001 मध्ये कोळसा उद्योगाच्या निधीतून यावर मोठा प्रकल्प हाती घेतला. विमानांत असते तशी इनर्शियल नेव्हिगेशन यंत्रणा शिअररवर बसवली. तिच्यातले 3 जायरोस्कोप वळण मोजतात, 3 त्वरणमापक वेगातला बदल. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. जायरोस्कोपला तेही जाणवतं आणि त्यावरून उत्तर दिशा सापडते.

मात्र त्वरणात गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाइतकी चूक राहिली, तरी मिनिटभरात जागेतली चूक सुमारे 18 मीटरांवर जाते. म्हणून शिअरर रुळावरून किती पुढे गेला हे वेगळं मोजतात. मागची आणि नवी कापणी यांच्यातलं ठरलेलं अंतर घेऊन ताळाही जुळवतात. चूक मग सेंटीमीटरांत उरते. या मोजमापांतून रांगेचा नकाशा तयार होतो. कोणता सपोर्ट किती सरकवायचा, हे त्या नकाशावरून संगणक ठरवतो.

आज ऑस्ट्रेलियातल्या निम्म्याहून अधिक लाँगवॉलवर हे तंत्र आहे. सीएसआयआरओच्या मते उत्पादन त्यामुळे 5 ते 10 टक्के वाढतं. मला त्याहून मोलाची वाटतात ती धुळीतून, मिथेनजवळून बाजूला झालेली माणसं.

भारताने 2030 पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला 10 कोटी टन कोळसा काढायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. टनांच्या त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: कापणी चालू असताना किती माणसं अजून भिंतीपाशी उभी आहेत? तो आकडा दरवर्षी उतरला पाहिजे.