सायकलवरून सह्याद्रीच्या पायथ्याशीं

घराजवळचा मुलूख पाहावयास वाटाड्या कशास हवा, असा प्रश्न सुशिक्षित मुंबईकराच्या मनांत सहज येतो. कर्जत हें आगगाडीचें परिचित स्थानक. खोपोली त्यापुढें अवघ्या पंधरा किलोमीटरांवर. परंतु गाडीच्या खिडकींतून पाहिलेला मुलूख निराळा आणि सायकलच्या दोन चाकांनीं मोजलेला मुलूख निराळा.

कर्जत तालुक्याच्या पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस भीमाशंकराची रांग आणि मधून उल्हास नदी. दक्षिणेच्या खालापूर तालुक्यांतून पाताळगंगा वाहते. तीन दिवसांच्या सफरीस एवढा मुलूख पुरतो. पहिल्या दिवशीं कशेळ्यावरून कोतळीगडाच्या पायथ्याचें आंबिवली गांव गांठावें. दुसऱ्या दिवशीं खोपोली पाहावी. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं सोडून तेथें १९१५ सालीं वीज निर्माण होऊं लागली. तिसऱ्या दिवशीं चावणीजवळची उंबरखिंड. १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाची फौज याच अरुंद वाटेंत कोंडून तिला शरण आणिलें. अनोळखी डोंगरांत सैन्याची जी गत झाली, ती एकट्या प्रवाशाचीहि होऊं शकते.

वाटाड्याचें पहिलें काम वेळ ठरविण्याचें. कोंकणच्या दमट हवेंत घाम येतो, पण लवकर सुकत नाहीं. आणि घाम सुकल्यावांचून शरीर निवत नाहीं. म्हणून जाणता वाटाड्या मंडळीस पहांटेच बाहेर काढितो, दहाच्या सुमारास सावलींत बसवितो आणि तहान लागण्यापूर्वींच मीठसाखरेचें पाणी पाजितो.

दुसरें काम चढ शिकविण्याचें. पुढील चक्रास ४८ व मागील चक्रास १६ दांते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीनदां फिरतें व सायकल सुमारें सवासहा मीटर जाते. दोहोंस ३२ दांते असतां ती दोन मीटरच जाते, पण पायांवरील भार तिसऱ्या हिश्शावर येतो. नवखा मनुष्य चढ अंगावर आल्यानंतर चक्र बदलूं पाहतो आणि सांखळी अडकते. वाटाड्या ती सूचना आधींच देतो.

खरा धोका उतारावर. हौशी मंडळी बोरघाटहि चढून उतरतात. त्याची चढण सुमारें ५०० मीटरांची. माणूस व सायकल मिळून ८० किलो वजन तेवढें खालीं येतां जी शक्ति मोकळी होते, तिनें लिटरभर पाणी उकळीस येईल. तींतील कांहीं भाग वारा घेतो. बाकीची उष्णता ब्रेकांस सोसावी लागते. ते सतत दाबून धरल्यास तापून निकामी होऊं शकतात. यासाठीं वळणापूर्वीं वेग कमी करावा, मग ब्रेक सोडावे आणि मधून मधून थांबावें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर तर सायकलीस मज्जावच आहे. कोणता रस्ता धरावा हेंहि विचारूनच ठरवावें लागतें.

शेवटचें काम सर्वांत कठीण, तें नाहीं म्हणण्याचें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं अतिवृष्टींत इर्शाळगडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि कित्येक माणसें झोपेंत गाडलीं गेलीं. जन्मभर तेथें राहिलेल्यांसहि डोंगराचा भरंवसा धरतां आला नाहीं. मग दोन दिवसांच्या पाहुण्यानें तो काय धरावा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या सफरीस उत्तम. भर पावसांत ठरलेली वाट बंद करणारा वाटाड्या आपल्या मजुरीवर पाणी सोडून प्रवाशाचा जीव राखतो. त्याच्याशीं हुज्जत न घालतां मागें फिरणें, ही या सफरीची पहिली शिस्त होय.