तलाव मोठा, तुडूम किती?

गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांची टिपणे काढत बसलो होतो, तेव्हा भाच्याने विचारले, "मामा, गेमिंगच्या कॉम्प्युटरला रॅमच्या पट्ट्या किती बसवू? एक, दोन की चार?" पैसे धानाच्या चुकाऱ्यातले होते, चूक परवडणारी नव्हती. उत्तर समोरच्या टिपणांतच होते.

कोहळ्यांनी बांधलेल्या या तलावांत पाणी किती साठते ते पाळीवर ठरते; शेताला किती वेगाने मिळते ते तुडुमावर, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडावर. रॅमचेही तसेच. १६ जीबी ही झाली साठवण. प्रोसेसरकडे जाणारा प्रवाह चॅनेलवर अवलंबून, आणि घरगुती मदरबोर्डवर चॅनेल बहुधा दोनच असतात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी पुरवते. दोन चॅनेलांवरच्या दोन पट्ट्या ५१.२. म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक अधिकच जाणवतो, कारण चित्रही याच रॅमवर चालते.

चार पट्ट्यांनी तलाव वाढतो, तुडूम दोनच राहतात. शिवाय प्रोसेसरमधल्या नियंत्रकावर भार येऊन, विशेषतः डीडीआर५ मध्ये, वेग अनेकदा उतरवावा लागतो.

जोडी एकाच पाकिटातली घ्यावी आणि चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवावी. शेजारी-शेजारी बसवल्यास दोन्ही एकाच चॅनेलवर जाऊ शकतात.

भाच्याने दोनच घेतल्या. रिकाम्या खाचा पाहून ताई हळहळली. तिला म्हटले, पैसा वाचला, पाणी पूर्ण मिळाले.