पानं झडल्यावर येतो तो वसंत

फेब्रुवारी सरत आला की कुणी ना कुणी विचारतं, ‘या शनिवार-रविवारी कुठे जाऊ?’ मी सह्याद्रीचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘आता काय आहे तिकडे? सगळं वाळून गेलंय. पावसाळ्यात बघू.’ मला या उत्तराचं मनापासून वाईट वाटतं. ज्या दिवसांत ते दिलं जातं, नेमक्या त्याच दिवसांत डोंगरउतारांवर पांगारा, पळस आणि काटेसावर पेटलेले असतात. पहाटे अंगावर शाल लागते. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे घाटातले रस्तेही बरेच मोकळे असतात. आपल्या वसंताबद्दल आपल्याच मनात इतके गैरसमज बसले आहेत, की तो दारात येतो तेव्हा आपण पावसाची वाट बघत बसलेलो असतो.

‘झाडावर पान नाही म्हणजे जंगल मेलेलं आहे’

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चुकीचा समज हाच.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आणि पायथ्याशी बरंचसं जंगल पानझडी आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, नंतरचे सात-आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलीवर काढायचे असतात. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, म्हणून झाड पानंच टाकून देतं. हा त्याचा काटकसरीचा हिशेब आहे, त्यात मरण कुठेही नाही. आणि पानं उतरली की फुलांना मोकळं मैदान मिळतं. नाक्यावरच्या दुकानाची पाटी लांबून दिसावी तशी निष्पर्ण फांदीवरची लाल-केशरी फुलं पाखरांना लांबून दिसतात. फूल आत्ता आलं की फळ उन्हाळ्यात पिकतं, आणि बी मातीवर पडतं ते पावसाच्या तोंडावर. काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये तडकतात, त्यातला कापूस बी घेऊन वाऱ्यावर निघतो आणि पाठोपाठ मृगाच्या सरी येतात. सगळं वेळापत्रक असं बांधलेलं आहे.

एकदा हे जवळून बघा. सकाळी पावणेसातला मोठ्या काटेसावरीखाली जाऊन उभे राहा. आधी आवाज येतो. वाळक्या पाचोळ्यावर थप्प, मग थोड्या वेळाने पुन्हा थप्प. तळहाताएवढं एक फूल खाली पडलेलं असतं. पाच जाड, मांसल, तुकतुकीत पाकळ्या आणि मधोमध केसरांचा दाट झुबका. ते उचललं तर हाताला वजन जाणवतं, आणि तळाशी बोट लावलं तर ओलसर चिकट मध लागतो. वर मान करावी तर एका झाडावर सगळा गाव जमलेला: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, मधूनच एखादी खार. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना त्यांच्या कपाळाला पराग लागतो, आणि झाडाचं काम होतं. पडलेली फुलं वाया जात नाहीत. ती खायला भेकरं आणि चितळं येतात. भर श्रावणातही एका झाडाखाली इतका जीव एका वेळी बघायला मिळत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

याच दिवसांत आणखी एक फसगत होते. मार्चमध्ये लांबून लालभडक दिसणारं प्रत्येक झाड फुललेलं नसतं. कुसुंबाची पालवीच लाल असते. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी लाल रंगद्रव्य असतं, आणि ऊन पाठीमागून आलं की अख्खं झाड निखाऱ्यासारखं दिसतं. आठ-पंधरा दिवसांत तेच झाड पोपटी आणि मग हिरवं होतं. पिंपळाची तांबूस पालवीही तशीच. तेव्हा लाल दिसलं की गाडी थांबवून जवळ जावं. पान आहे की फूल, हे बघण्यातच अर्धी सहल आहे.

‘वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जाऊ’

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतूचे महिने चैत्र आणि वैशाख हे खरं. पण चांद्रमासाची तारीख दरवर्षी पुढेमागे होते. २०१८ मध्ये गुढीपाडवा १८ मार्चला होता, २०२१ मध्ये १३ एप्रिलला. जवळजवळ चार आठवड्यांचा फरक! झाडं पाडव्याची वाट बघत नाहीत. ती दिवसाची लांबी, ऊन आणि जमिनीतली ओल यांच्या हिशेबाने चालतात. हवामान खात्याच्या वर्गवारीत तर वसंत नावाचा ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा आणि मार्च ते मे उन्हाळा, म्हणजे पावसाळापूर्व काळ. आणि वैशाखाच्या नावाला आपल्या भाषेनेच ‘वणवा’ हा शब्द जोडलेला आहे. त्या दिवसांत सौम्य हवेच्या शोधात निघणं म्हणजे आपली भाषाही न ऐकणं.

म्हणून महिना न धरता झाड धरा. पांगारा, काटेसावर आणि पळस बघायचे तर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. चैत्रपालवी आणि कुसुंब मार्चमध्ये. महाबळेश्वर-माथेरानच्या सदाहरित रानात अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ लगडतात ते मार्च-एप्रिलमध्ये. बहावा आणि आपलं राज्यपुष्प तामण यांची वेळ एप्रिल-मेची. गुलमोहर त्याच्याही जरा मागून येतो, आणि तो मुळात मादागास्करचा. एकाच सहलीत हे सगळं दिसणार नाही.

जाता जाता कोकिळेचंही सांगतो. आंब्याच्या झाडात बसून ‘कुहू’ करते ती कोकिळा नव्हे, तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर कोकीळ. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज ‘किक-किक-किक’ असा तुटक. मुलं बरोबर असतील तर दोघांना शोधायला सांगा.

‘या दिवसांत हवा दिवसभर छान असते’

नसते. सहलीची आखणी सगळ्यात जास्त इथे चुकते.

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याच्या आसपास पहाटे तेरा-चौदा अंश आणि दुपारी तेहेतीस-चौतीस अंश हे नेहमीचं आहे. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असलं की जमीन लवकर तापते आणि रात्री तितक्याच लवकर थंड होते, म्हणून एकाच दिवसात वीस अंशांची उडी. कोकणात गणित आणखी वेगळं. तिथे दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे दिलासा देतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोर धरतो, खारे वारे उशिरा पोचतात आणि किनारपट्टी भाजून निघते. रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं. मे महिना तेव्हा महिनाभर लांब होता. फेब्रुवारी २०२३ हा तर देशभरच्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबात १८७७ पासूनचा सगळ्यात तापलेला फेब्रुवारी ठरला.

याचा अर्थ जाऊ नये असा नाही. वसंत दिवसाच्या दोन टोकांना असतो, एवढंच लक्षात ठेवायचं. साडेपाचला निघावं, दहा-साडेदहाला सावलीत परतावं. दुपार गावात, झाडाखाली किंवा एखाद्या लेण्याच्या गारव्यात काढावी आणि पाच वाजता पुन्हा बाहेर पडावं. शहरातून नऊला निघून बाराला पायथ्याशी पोचणाऱ्याला वसंत दिसतच नाही. तो ऊन खाऊन येतो आणि ‘तिकडे काही नाही’ असं सांगत सुटतो.

पाण्याचंही सांगायला हवं. एका मार्चमध्ये आम्ही चौघे गडावरच्या टाक्याच्या भरवशावर माणशी एकच बाटली घेऊन चढलो. टाक्याच्या तळाशी वीतभर हिरवं पाणी होतं आणि त्यात माकडांची विष्ठा. उतरताना आमच्यातल्या एकाच्या पायात गोळे आले आणि त्याला आधार देत आणायला दुपारचे अडीच वाजले. काही टाकी बारमाही असतात, पण कोणतं टाकं कोणत्या साली टिकेल हे पायथ्याच्या गावकऱ्यालाच ठाऊक असतं. त्याला विचारावं, आणि तरीही माणशी तीन-चार लिटर पाणी पाठीवर घ्यावं.

‘फोटोत पाहिलं ते तिथे मिळेलच’

कास पठार मार्चमध्ये करडं, उघडं कातळ असतं. त्याचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढाच. काजवे मेअखेर आणि जूनमध्ये. पिकलेला हापूस फेब्रुवारीत देवगडला मागू नका, तेव्हा झाडावर मोहोर आणि कैऱ्या असतात. त्या दिवसांत कोकणात मागायची गोष्ट म्हणजे ओल्या काजूगरांची उसळ. कोवळ्या काजूबियांचा चीक हाताची सालटी काढतो, त्या सोलणाऱ्या बायकांची बोटं बघितली की ताटातल्या उसळीची किंमत कळते आणि भाव करावासा वाटत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही मार्चपर्यंत जोमात असते.

आणि वेळास. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, नाना फडणवीसांचं हे गाव आता समुद्री कासवांसाठी ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं, तोवर ही अंडी सर्रास चोरीला जात. लोकांना वाटतं की तिथे मोठी कासवं बघायला मिळतात. मादी रात्री येते, वाळूत हातभर खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. ती परत येत नाही. पाहुण्यांना दिसतात ती पिल्लं. अंडी कुंपणातल्या घरट्यात हलवलेली असतात, आणि साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू गार असेल तर उशीर होतो. पिल्लू नर निघणार की मादी हेही वाळूच्या तापमानावरच ठरतं, उबदार वाळूत माद्या जास्त.

त्यामुळे ‘अमुक तारखेला पिल्लं दाखवा’ असा हट्ट चालत नाही. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलतात. खाली पिल्लं असतील तर असतील, नसतील तर रिकाम्या वाळूकडे बघून परतायचं. मी एकदा दोन दिवस राहून एकही पिल्लू न बघता आलो. पुढच्या वर्षी पहिल्याच सकाळी टोपलीखाली वाळू हलली आणि काळीसावळी, तळव्यात मावतील अशी पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून वर आली. त्यांना लाटेपासून काही अंतरावर सोडतात आणि तिथून स्वतःच्या पायांनी चालू देतात. कुणीतरी मदत म्हणून एकाला उचलायला गेलं, तेव्हा गावातल्या पोराने शांतपणे त्यांचा हात धरला. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, वाटेत उभं राहायचं नाही. राहायचं गावकऱ्यांच्या घरात, जेवायचं त्यांच्या ओटीवर. गावाला यातून चार पैसे मिळतात म्हणून अंडी राखली जातात, तेव्हा लांबच्या हॉटेलात उतरून फक्त किनाऱ्यावर डोकावू नका.

‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं’

फेब्रुवारीपासून डोंगरावर काळे पट्टे दिसू लागतात, ते बहुतेक माणसांनी लावलेल्या किंवा माणसांच्या हलगर्जीपणाने लागलेल्या वणव्यांचे. गवताची मुळं आगीतून वाचतात म्हणून पावसात ते हिरवं दिसतं. पण नुकतं रुजलेलं रोप, जमिनीवरचं घरटं, सरडे, कीटक आणि माती धरून ठेवणारा पाचोळा हे सगळं संपतं. मग पहिल्याच पावसात माती वाहून जाते. सहलीला जाणाऱ्याने या दिवसांत डोंगरावर चूल पेटवू नये, सिगारेट तर नाहीच. आग उताराने वर चढते तेव्हा माणसाच्या पायाला तिची बरोबरी करता येत नाही. तामिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला. समोर धूर दिसला तर बेत तिथेच सोडून खाली या.

आग्यामोहोळाचंही तसंच. फुलांचा बहर असतो तेव्हा गडांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना पोळी लटकलेली असतात. माश्या विनाकारण अंगावर येत नाहीत. धूर, भडक अत्तर, आरडाओरडा किंवा कुणीतरी मारलेला दगड, एवढं त्यांना पुरतं. उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका, तोंड-डोकं कापडाने झाकून लांब पळा.

राहण्याची सोय करताना होळीची तारीख तेवढी बघून घ्या. शिमग्याला कोकणात चाकरमानी घरी येतात, पालख्या दारोदार फिरतात, एसटी आणि रेल्वे भरलेल्या असतात. पालखी नाचताना बघायची असेल तर महिना-दोन महिने आधी आरक्षण हवं. निवांत फुलंच बघायची असतील तर तो आठवडा टाळा.

मी स्वतः निघायच्या दोन दिवस आधी घाटाखालच्या एका मावशींना फोन करतो. जेवणाचं सांगायचं असतंच, पण पहिला प्रश्न असतो सावर फुलली का. यंदा त्या म्हणाल्या, ‘फुललीय, पण काल वारं सुटलं व्हतं. अर्धी फुलं खाली हायती. यायचं तर उद्याच या, आन् उजाडायच्या आत या.’

मी रजा टाकली आणि पहाटे चारला निघालो.