वृद्धाश्रमाची फी वाढते तेव्हा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात (१९९९) वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची तरतूद आहे. साताऱ्या-सांगलीतल्या खासगी वृद्धाश्रमात राहणाऱ्या आजी-आजोबांना तिचा सहसा उपयोग नाही. ते भाडेकरू नसतात. राहणं, जेवण, शुश्रूषा अशा एकत्रित सेवेचे पैसे भरतात. त्यामुळे वाढ किती आणि पूर्वसूचना किती दिवसांची, हे करार ठरवतो. प्रवेश अर्जामागची बारीक टायपातली नियमावली हाही करारच, आणि ती सही करण्याआधी वाचायची असते!

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांच्या वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे; खासगी आश्रमांच्या फीवाढीवर तो कायदा गप्प आहे. ही मोठीच उणीव. मात्र फी झेपेनाशी झाली, तर याच कायद्याखाली मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. मुलगा मुंबईत असला तरी कराड वा मिरजेत राहणाऱ्या आईला तिथेच अर्ज करता येतो.

करार मोडून फी वाढवली किंवा अनामत अडकवली, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. फीची प्रत्येक पावती जपून ठेवा. आधी सल्ला हवा असल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि ग्राहकांसाठी १९१५ या मोफत हेल्पलाइन आहेत.