कौन्सिलच्या घरांचे भाडे: न्याय्यतेची मोजपट्टी

इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांनी, म्हणजे कौन्सिलांनी, स्वतःच्या मालकीची ठेवून भाड्याने दिलेली घरे ‘कौन्सिल घरे’ म्हणून ओळखली जातात. १९१९ च्या गृहनिर्माण व नगररचना कायद्याने सरकारी अनुदानाच्या आधारे अशी घरे बांधण्याची जबाबदारी कौन्सिलांवर सोपवली, आणि तेव्हापासून या घरांचे भाडे किती असावे, हा प्रश्न तेथील राजकारणात सतत उभा राहिला आहे. आज लागू असलेला १९८५ चा गृहनिर्माण कायदा कौन्सिलला ‘वाजवी’ आकारणी करण्याचा अधिकार देतो. मात्र वाजवी कशाला म्हणावे, याचे उत्तर कायद्याच्या त्या कलमात मिळत नाही, ते भाड्याच्या सूत्रात, हिशेबाच्या पद्धतीत आणि भाडेकरूच्या हक्कांत शोधावे लागते.

भाड्याचा पैसा कोठे जातो, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रत्येक कौन्सिलला आपल्या घरांचा जमाखर्च ‘गृहनिर्माण महसूल खाते’ या वेगळ्या खात्यात मांडावा लागतो; १९८९ च्या कायद्याने या खात्याभोवती अशी भिंत घातली की भाडेकरूंचा पैसा इतर नागरी कामांकडे वळवता येत नाही आणि स्थानिक करांचा पैसा भाडे स्वस्त ठेवण्यासाठी वापरता येत नाही. एप्रिल २०१२ मध्ये या खात्यासाठीची देशपातळीवरील अनुदानव्यवस्था संपली, आणि दुरुस्ती, व्यवस्थापन व कर्जफेड हा सारा भार प्रामुख्याने भाड्याच्या उत्पन्नावर आला. म्हणूनच भाडे अवाच्या सवा वाढले तर आजचा भाडेकरू भरडला जातो, आणि ते फार खाली ठेवले तर छपराची व लिफ्टची दुरुस्ती लांबणीवर पडून त्याची किंमत उद्याच्या भाडेकरूला मोजावी लागते.

या दोहोंत तोल साधण्यासाठी २००२ पासून एक राष्ट्रीय सूत्र लागू झाले. त्यात एप्रिल २००० मधील राष्ट्रीय सरासरी म्हणून आठवड्याचे ५४.६२ पौंड हा पाया धरला जातो. त्याचा ७० टक्के भाग त्या परगण्यातील सरासरी कमाईच्या आणि घरातील शयनगृहांच्या संख्येच्या प्रमाणात, तर उरलेला ३० टक्के भाग त्या घराच्या जानेवारी १९९९ मधील किमतीच्या प्रमाणात बदलतो, आणि येणारा आकडा पुढे दरवर्षीच्या वाढीनुसार चढतो. या रचनेमागील विचार स्पष्ट आहे: भाडे केवळ किमतीला जोडले असते तर लंडनसारख्या महागड्या शहरात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना राहणेच अशक्य झाले असते, आणि केवळ कमाईला जोडले असते तर चांगल्या व साधारण घरांतील फरक पुसला गेला असता. तरीही सूत्र मोजते ती परगण्याची सरासरी कमाई, प्रत्यक्ष कुटुंबाची नव्हे, ही त्याची मोठी मर्यादा आहे.

वार्षिक वाढीची मर्यादा केंद्र सरकार ठरवते, आणि तेथे भाडेकरूच्या हिताबरोबर सरकारी तिजोरीचा विचारही शिरतो. २०१६ पासून चार वर्षे भाडे दरवर्षी एक टक्क्याने कमी करण्याची सक्ती झाली. परंतु ज्यांचे संपूर्ण भाडे सरकारी गृहसाहाय्यातून भरले जाते, त्यांचे साहाय्यही तेवढेच घटल्याने त्यांच्या हाती काही उरले नाही. बचत सरकारची झाली आणि दुरुस्तीच्या खात्याला मात्र खड्डा पडला. २०२० पासून ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाईदर अधिक एक टक्का, अशी मर्यादा आली. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई १०.१ टक्क्यांवर गेल्यावर पुढील वर्षाची वाढ साधारणपणे सात टक्क्यांवर रोखण्यात आली, कारण गृहसाहाय्याच्या अटींत जेमतेम न बसणाऱ्या कष्टकरी कुटुंबांना संपूर्ण वाढ स्वतःच्या पगारातूनच सोसावी लागली असती.

सेवाशुल्क ही भाड्याहून वेगळी आकारणी असून, जिन्याची सफाई, सामाईक दिवे, लिफ्ट, प्रवेशद्वाराची यंत्रणा आणि बागेची निगा यांचा खर्च तिच्यातून भागवला जातो. पूर्वी अनेक ठिकाणी हा खर्च सर्वांच्या भाड्यात मिसळलेला असे, त्यामुळे लिफ्ट नसलेल्या बैठ्या घरातील भाडेकरूही दुसऱ्या वसाहतीच्या लिफ्टचे पैसे भरत असे. खर्च वेगळा काढणे म्हणूनच रास्त आहे; मात्र तेवढी रक्कम मूळ भाड्यातून वजा झाली नाही, तर एकाच सेवेची वसुली दोनदा होते. वसुली आणि प्रत्यक्ष खर्च यांत अंतर पडले की काय होते, हे लंडनमधील सदर्क कौन्सिलच्या प्रकरणात दिसले: कौन्सिलला पाणी कंपनीकडून सवलत मिळत असूनही भाडेकरूंकडून पूर्ण दराने पाणीपट्टी घेतली जात होती, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ही कौन्सिल पाण्याची पुनर्विक्रेती ठरत असल्याने तिला पुनर्विक्रीच्या दराची कमाल मर्यादा लागू होते, असा निर्णय दिला.

या व्यवस्थेतील सर्वांत खोल अन्याय मात्र हक्कांच्या विषमतेत आहे. १९८० नंतर खरेदीचा हक्क वापरून ज्यांनी आपले सदनिकारूपी घर दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने विकत घेतले, त्यांना सेवाशुल्काच्या खर्चाचा तपशील मागता येतो आणि ते अवाजवी वाटल्यास न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याच इमारतीतील, तीच लिफ्ट वापरणाऱ्या सामान्य कौन्सिल भाडेकरूला १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्यातील हे संरक्षण लागू नाही. इतकेच नव्हे, घरांच्या व्यवस्थापनाबाबत भाडेकरूंचा सल्ला घेण्याचे बंधन कायद्याने घातले असले, तरी भाडे आणि सेवाशुल्क हे दोन विषय त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत.

न्याय्य भाडे म्हणजे केवळ कमी भाडे नव्हे. ज्या आकड्यामागील प्रत्येक पौंडाचा जाब विचारता येतो, ते न्याय्य भाडे होय. गतवर्षी जिन्याच्या सफाईवर किती खर्च झाला, तो किती घरांत विभागला गेला आणि यंदा का वाढला, हे वाढीच्या सूचनेसोबत प्रत्येक भाडेकरूला सांगणे कौन्सिलला अशक्य नाही. आणि शेजारच्या पट्टेधारकाला जो हक्क आहे तोच भाडेकरूला देणे ही संसदेने करावयाची साधी दुरुस्ती आहे. सार्वजनिक संस्था जेव्हा घरमालक असते, तेव्हा हिशेब उघडा ठेवणे हे तिचे औदार्य नसून तिचे कर्तव्य असते.