घरचें भंगार आणि शिरोलीची भट्टी

दिवाळीची साफसफाई निघाली म्हणजे माळ्यावरच्या वस्तू खालीं येतात. मोडकी इस्तरी, गळकी बादली, शिवणयंत्राचा बिडाचा पाय, रंगाचे वाळलेले डबे, बंद पडलेला पाण्याचा पंप, असे सारे जिन्नस एकाच गोणींत कोंबले, तराजूवर चढविले आणि दोन नोटा हातांत पडल्या, कीं गृहस्थ त्या मालाला कायमचा विसरतो. माल मात्र तेथें संपत नाहीं. भंगारवाल्याच्या दुकानांतून तो मोठ्या व्यापाऱ्याच्या आवारांत जातो, तेथें त्याची निवड होते, आणि कोल्हापूरकरांच्या घरांतील भंगाराचा कांहीं अंश पंचगंगा ओलांडून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या भट्टीपर्यंत जाऊन पोंचतो.

शिरोली पुलाची या गांवाच्या नांवांतच पूल आहे. पुणें-बंगळूर महामार्गाच्या कडेला असलेली तेथील वसाहत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची. हें महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. पण कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा त्याहून जुना आहे. उसाचे चरक, तेलावर चालणारीं इंजिनें, विहिरीवरचे पंप यांचे भाग ओततां ओततां शहरांतील उद्यमनगरांत तो वाढला, आणि जागा अपुरी पडूं लागल्यावर शिरोली, गोकुळ शिरगांव, कागल अशा बाजूंनीं पसरला. आज तेथें मोटारी, ट्रॅक्टर, पंप व झडपा यांचे भाग ओतले जातात. ओतशाळा हा शब्द पुस्तकांत चांगला दिसतो. कोल्हापुरांत तिला सारे फौंड्रीच म्हणतात.

फौंड्रीच्या भट्टीला तीन-चार प्रकारचें अन्न लागतें: खाणींतील धातुकापासून केलेलें ताजें पिग आयर्न, पोलादाचें भंगार, जुनें बीड, आणि मागच्या ओतकामांतून उरलेले तुकडे. बीड आणि पोलाद हीं भावंडें असलीं तरी त्यांचा स्वभाव निराळा. बिडांत कर्बाचें प्रमाण शेंकडा तीन ते साडेतीन असतें. साध्या पोलादांत तें पाव टक्क्याच्या आसपास. भट्टींत पोलाद अधिक पडलें तर वरून कर्ब व सिलिकॉन घालून मेळ जमवितां येतो. कमी पडलेलें घालतां येतें, हा भाग सोपा. नको असलेलें काढून टाकणें ही गोष्ट फार अवघड, कित्येकदां अशक्य. आणि घरांतील गोणीचा संबंध येतो तो येथें.

शिशाचेंच पाहावें. जुन्या बॅटरीची पट्टी, डाखाचा गोळा, मासेमारीच्या गळाचें वजन, असें कांहींतरी लोखंडांत लपून जातें. एक टन लोखंडांत शें-दीडशें ग्रॅम शिसें मिसळलें तरी बिडांतील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचा आकार बिघडतो व ओतलेला भाग दुबळा होतो. डोळ्यांना तो धडधाकट दिसतो. मोडतो तेव्हां कळतें. अॅल्युमिनियमची खोड वेगळी. लोखंडांत विरघळलेला त्याचा अल्पसा अंश सांच्याच्या वाळूंतील ओलाव्याशीं संयोग पावतो व हायड्रोजन वायु सुटतो. त्या वायूचीं टांचणीच्या टोंकाएवढीं छिद्रें कातडीखालीं राहतात, आणि भाग यंत्रावर तासायला घेतल्यावर उघडीं पडतात. तोंवर वीज, वाळू आणि मजुरी खर्च होऊन गेलेली असते. स्टेनलेस स्टीलच्या पळ्या-डावांतील क्रोमियम बिडाला जागोजाग इतकें कठीण करतें कीं तासणीचें हत्यार बोथट होतें.

जस्त ९०७ अंश सेंटिग्रेडला उकळतें. बीड ओततेवेळीं तेराशें-चौदाशें अंशांपर्यंत तापलेलें असतें. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली बादली भट्टींत पडली कीं पांढऱ्या धुराचे लोट उठतात. हा धूर छातींत गेलेल्या कामगाराला रात्रीं थंडी वाजून ताप भरतो. चांगला फौंड्रीवाला असला माल घेत नाहीं. पातळ पत्रा बहुधा दाबून त्याचे गठ्ठे करतात, आणि ते भंगारापासून सळ्या करणाऱ्या पोलादाच्या कारखान्यांकडे जातात. जालन्याचे कारखाने त्यासाठीं प्रसिद्धच आहेत.

या दोषांनीं माल वायां जातो. बंद डब्यानें मात्र माणूस जातो. आजच्या विजेच्या भट्टींत पुष्कळदां आधींच्या वितळलेल्या रसावर वरून भंगार सोडतात, आणि कामगार तोंडापासून दोन-चार हातांवर उभा असतो. रसाच्या पृष्ठावर थेंबभर पाणी पडलें तर तें चुरचुरून उडून जातें. तेंच पाणी ठोकून चपटा केलेल्या रंगाच्या डब्यांत, दोन्हीं टोकें बुजलेल्या नळींत, किंवा स्कूटरच्या जुन्या शॉक अॅब्सॉर्बरमध्यें कोंडलेलें असलें आणि रसाखालीं गेलें, तर क्षणांत त्याची वाफ होऊन आकारमान सोळाशें पटींनीं वाढूं पाहतें. वाफेला वाट नसते. ती वाट करते, आणि तापलेलें लोखंड कारंज्यासारखें बाहेर उसळतें. अत्तराच्या फवाऱ्याचे डबे व लहान गॅसच्या नळकांड्या यांचाही हाच धोका. व्यापाऱ्याच्या आवारांत निवड होते खरी, पण ती माणसाच्या डोळ्यांनीं होते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यांत सारें आवार भिजलेलें असतें.

घरीं करावयाचें काम त्या मानानें थोडें आहे. डबे रिकामे करून, वाळवून, झाकण काढूनच द्यावेत. ते ठोकून बंद करूं नयेत. फवाऱ्याचा डबा भोंसकूं नये, वेगळा द्यावा. एक साधा लोहचुंबक जवळ ठेवला तर लोखंड एकीकडे आणि अॅल्युमिनियम, तांबें, पितळ दुसरीकडे होतें. स्टेनलेसच्या बाबतींत चुंबकावर भरंवसा नको: त्याचीं कांहीं भांडीं चिकटतात, कांहीं चिकटत नाहींत, तीं ओळखून निराळीं काढावींत. तांब्याला भाव अधिक मिळावा म्हणून वायरी जाळण्याची चाल आहे ती फार वाईट. वरच्या प्लास्टिकचा विषारी धूर प्रथम जाळणाऱ्याच्याच घरांत शिरतो.

इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेतांना जुनी त्याच दुकानीं परत द्यावी. २०२२ सालच्या बॅटरीविषयक नियमांनीं ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. फ्रीज, संगणक, मोबाइल हेही भंगाराच्या गोणींत टाकावयाचे नाहींत. त्यांसाठीं विद्युत्-कचऱ्याचे परवानाधारक कारखाने असतात. बाकीचा माल निवडलेला असला म्हणजे भंगारवाल्याशीं बोलतांनाही फरक पडतो. मिसळलेल्या गोणीला तो सर्वांत हलक्या जिनसाचा भाव लावतो; बीड, पत्रा, अॅल्युमिनियम व पितळ वेगवेगळे पुढें ठेवले तर त्याला चार वेळां तराजू धरावा लागतो आणि चार भाव सांगावे लागतात.