आठ फण्यांचा घड

चित्र आणि पडदा : भाग ६

रावेर-यावलकडे केळीची बाग निसवली की थोड्याच दिवसांत एक काम निघतं. नव्या माणसाला ते बघवत नाही. घडाच्या खालच्या बाजूच्या, चांगल्या हिरव्यागार, नुकत्या भरू लागलेल्या फण्या शेतकरी आपल्याच हातानं काढून टाकतो. लोंबतं केळफूलही कापतो. ज्याला माल परदेशी धाडायचा आहे तो घडावर आठ-नऊ फण्या ठेवतो, बाकीच्यांना रजा. झाडाची पोसण्याची ताकद ठरलेली असते. ती बारा फण्यांत वाटली गेली तर खालची केळी बोटाएवढी राहतात आणि वरचीही लांबीला-जाडीला कमी पडतात. पेटीत बसेल असं केळं हवं तर घड हलका करावा लागतो.

आता याच शेतकऱ्याला म्हणून पाहा, “दादा, मग झाडंच कमी लावा ना!” तो हसेल. बाग भरगच्चच हवी. कमी करायचं ते घडावर.

गेल्या आठवड्यात आपण चित्राचा फोटो मोबाइलवर नीट कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यावर धुळ्याच्या एका तरुण चित्रकारानं विचारलं, “भाऊ, फोटो तर जमला. आता रोज एक टाकू, का महिन्यातून एक? रोज टाकलं तर काम उरकल्यासारखं होतं. नाही टाकलं तर लोक विसरून जातात.” त्याची अडचण खरी आहे. पण त्या एका प्रश्नात तीन निरनिराळी कामं एकाच पोत्यात भरली आहेत : चित्र करणं, चित्र ठेवणं आणि चित्र दाखवणं. मोबाइलवर एकच बटण दाबलं की तिन्ही झाल्यासारखी वाटतात, म्हणून घोटाळा होतो. ती वेगळी करून पाहायला लांब जायला नको. आपल्या खान्देशात प्रत्येकाचा दाखला आहे.

चाळीसगावपासून सुरू करू. तिथल्या रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहत. जन्म १९१२चा, मुंबईचा, पारशी घरातला. इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि १९८९ मध्ये तिथंच गेले. मधली जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर क्वचितच पडले. छायाचित्रं, रंगचित्रं, मूर्ती, लाकडावरचं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांच्या आकृती, असं काय काय त्या घरात घडत राहिलं. आज ते घर त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे.

त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणानं. या प्रकारात निसर्ग शोधत हिंडायचं नसतं, तो टेबलावर मांडायचा असतो. काटकीचं झाड होतं, मूठभर वाळूचं वाळवंट, पिंजलेल्या कापसाचं धुकं. दिवा किती तिरपा धरला यावर सकाळ की संध्याकाळ ते ठरतं. काटकी बोटभर सरकली तर सावली मोडते. म्हणजे एका छायाचित्रामागे टेबलावर कितीतरी मांडण्या होतात आणि मोडतात. बघणाऱ्यापर्यंत त्यातली एक पोचते. मूस यांची छायाचित्रं देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेली, पारितोषिकं घेऊन आली. प्रदर्शनाला पाठवायचं म्हणजे छाप मोठी करायची, बांधायची, टपालखर्च सोसायचा, महिनोन् महिने वाट पाहायची. एवढा खटाटोप समोर असला की माणूस आपोआप निवडतो. आज पाठवण्याचा खर्च शून्यावर आला, म्हणून निवडण्याची सक्तीही गेली. ती आता आपली आपणच आपल्यावर घालून घ्यायची आहे.

मूस यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यांच्याविषयी एक प्रेमकथा सांगितली जाते : येते म्हणालेल्या कुणासाठी ते रोज पंजाब मेलची वाट पाहत. चाळीसगावचं नाव निघालं की ही कथा दहा जण सांगतात, त्यांच्या एखाद्या छायाचित्राचं वर्णन करणारा मात्र एखादाच भेटतो. आपण आपलं काम लोकांसमोर पुरेसं ठेवलं नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, आपल्याविषयीची गोष्ट तिथं येऊन बसते. “मी फक्त उत्तमच दाखवीन” असं म्हणत वर्षानुवर्षं काहीच न दाखवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या म्हणण्यात बरेचदा चोखंदळपणा कमी आणि भीती जास्त असते.

आता जळगावजवळचं आसोदे. बहिणाबाई चौधरी इथल्या. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या ओव्या रचत गेल्या. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकली तशी काही गाणी वहीत उतरून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपानं आली. जी उतरली गेली नाहीत ती जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेली. करणं मनमुराद होतं, दाखवण्याची हौस मुळीच नव्हती आणि ठेवणं दुसऱ्या कुणाच्या तरी वहीवर अवलंबून राहिलं. ती वही नसती तर आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव नसतं.

तिसरा दाखला ताजा आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. गावोगावच्या पोरांनी शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर, घराच्या धाब्यावर केलेले व्हिडिओ त्यावर होते. कुणी रांगोळी काढत होतं, कुणी भिंत रंगवत होतं. करणंही झालं होतं, दाखवणंही झालं होतं. ज्यांनी मूळ फाइल मोबाइलमध्ये ठेवली नव्हती त्यांच्या हाती मात्र काही उरलं नाही. पडदा हे दुकानाचं शोकेस आहे, कोठार नव्हे. शोकेस दुसऱ्याच्या मालकीचं असतं आणि तो कधीही शटर ओढू शकतो.

ही गोष्ट नवी म्हणावी तर तसंही नाही. भुसावळच्या दफनभूमीत रॉबर्ट गिल नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी चिरविश्रांती घेतो आहे. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या मोठाल्या प्रती तैलरंगात करत होता. प्रती लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६च्या आगीत भस्मसात झाल्या. वाचली ती थोडी चित्रं, जी तेव्हा प्रदर्शनात नव्हती. माणसाची कित्येक वर्षांची मेहनत एका इमारतीत ठेवली गेली होती.

म्हणून आधी ठेवण्याचं बघा. प्रत्येक कामाचा, फसलेल्याचाही, मोठ्या आकारातला फोटो किंवा स्कॅन घ्या. फाइलच्या नावात तारीख आणि माध्यम घाला. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी इंटरनेटवरच्या साठवणीत. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत ही मूळ प्रत समजू नका. ते फोटो दाबून लहान करतं. कुणाला पूर्ण दर्जाचं चित्र पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यात निवड करायची नाही, कोठारात सगळं जातं. केळीच्या काढलेल्या फण्या बागेत कुजून खत होतात. चित्रांच्या काढलेल्या फण्यांना मात्र घरातच जागा द्यायची. तीन वर्षांनी त्यातली एखादी आजच्या आठांपेक्षा भारी निघते, आणि तेव्हा ती हाताशी असावी लागते.

मग करण्याचं. इथं संख्येला घाबरायचं कारण नाही. डीन कीथ सायमन्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शास्त्रज्ञ, संगीतकार, लेखक यांच्या आयुष्यभराच्या कामाचा अभ्यास केला. ज्या काळात त्यांनी सर्वांत जास्त काम केलं, साधारण त्याच काळात त्यांचं उत्तम कामही झालेलं दिसतं. आणि टाकाऊही त्याच काळात सर्वांत जास्त. आपलं कोणतं काम टिकेल हे करणाऱ्याला आधी नेमकं सांगता येत नाही. तेव्हा रोज काढा. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना काढा, बाजारच्या दिवशी काढा. रोज काढणं आणि रोज टाकणं यांचं एकमेकांशी लग्न लागलेलं नाही, एवढं फक्त लक्षात असू द्या.

आता तो दाखवण्याचा भाग, जिथून प्रश्न सुरू झाला. “रोज टाका, नाहीतर मागे पडाल” हा सल्ला येतो कुठून? २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं तेव्हा चित्रं वेळेच्या क्रमानं दिसत. शेवटी टाकलेलं सर्वांत वर. २०१६ पासून कंपनीनं तो क्रम बदलायला घेतला. आता कोण कशावर किती वेळ थांबलं, कशाला लाइक दिलं, काय दुसऱ्याला पाठवलं, यावरून कुणाला काय दिसावं ते यंत्र ठरवतं. तुमच्या चित्राला तीन तास लागले की तीन आठवडे, हे त्याला ठाऊक नसतं. कंपनीचं उत्पन्न लोक पडद्यावर किती वेळ रेंगाळतात यावर चालतं, त्यामुळे माल सतत येत राहणं तिच्या सोयीचं असतं. जास्त टाकलं तर जास्त वेळा नजरेत येण्याची संधी मिळते हे खरंच आहे. पण मोबदल्यात यंत्र तुमचा हात हळूहळू आपल्या चालीला लावतं. जे लवकर होतं आणि चटकन कळतं तेच काढावंसं वाटू लागतं. एका पोर्ट्रेटला लाइक आले की पुढची दहा पोर्ट्रेटंच होतात.

इथं एक फरक करायला हवा. अहिराणी गाणी करणारी आपली मंडळी धडाधड गाणी आणतात, त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. गाणं, नाच, विनोद ही माणसांसमोर घडणारी कला. वहीगायनाच्या फडात लोकांची दाद ऐकतच गायक घडतो. तिथं दाखवणं हाच रियाजाचा भाग असतो. चित्राचं तसं नाही. चित्राला काही दिवस भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

मग नेमकं करायचं काय? आपल्या जुन्या घरांची रचना आठवा. पुढं ओटा, मग बैठक, आत माजघर. ओट्यावर कुणीही येतं, गप्पा होतात, सांजेला सगळे उठून जातात. चोवीस तासांत नाहीशी होणारी ‘स्टोरी’ म्हणजे हा ओटा. रोजची रेखाटनं, रंगाची चूक, अर्धवट काम तिथं खुशाल बसवा. लोक विसरत नाहीत, आणि काही कायम लटकत राहत नाही. तुमचं प्रोफाइल म्हणजे बैठक. नवा पाहुणा तिथं येतो, पहिल्या नऊ-बारा चौकटींवर नजर फिरवतो आणि मत बनवून निघून जातो. तिथं निवडलेलंच टांगा. आणि माजघर म्हणजे आपलं कोठार, तिथं सगळंच राहतं.

निवड कशी? एक, काढलं त्या दिवशी बैठकीत टांगू नका. लोणच्यासारखं आठवडाभर मुरू द्या. दोन, फोटो आरशासारखा उलटा करून पाहा. मोबाइलमध्ये ती सोय असते. सवयीनं झाकलेली चूक लगेच उघडी पडते. तीन, बारा चित्रं एका पानावर लहान-लहान मांडा आणि चार काढून टाका. काढताना “यावर मेहनत किती झाली” हे विचारू नका. बघणाऱ्याला मेहनत दिसत नाही, चित्र दिसतं. चार, चांगलं जुनं चित्र पुन्हा दाखवायला लाजू नका. तुम्ही टाकलेलं प्रत्येक चित्र तुमच्या प्रत्येक ओळखीच्याला दिसलेलं नसतं. गवई आपली गाजलेली चीज दर मैफिलीत गातो, लोक तीच ऐकायला येतात. बहिणाबाईंची मोजकीच गाणी सत्तर वर्षं म्हटली जातात, म्हणून त्या घरोघरी आहेत.

धुळ्याच्या त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी त्यानं बारातली चार काढून आठ पाठवली. आठही चांगली होती. खाली लिहिलं होतं, “काढलेल्या चारातलं एक मला अजून आवडतंय, काय करू?” मी कळवलं, तारीख घालून ठेव. पुढच्या आखाजीला काढून बघ.

(पुढील आठवड्यात : चित्रावर सही कुठं करावी, आणि पडद्यावरून उचललं गेलेलं चित्र आपलंच आहे हे कसं सिद्ध करावं.)